टँकर, बांबू आणि ब्लॉग: आपला मुद्दा चार लोकांपर्यंत पोचवायचा कसा

गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजवाल्या मुलीने विचारलं, काका तुमच्या ब्लॉगला व्ह्यूज किती येतात? मी खरा आकडा सांगितला. पाचव्या मजल्यापर्यंत ती काहीच बोलली नाही, मग म्हणाली, एवढ्यासाठी एवढं लिहिता? रील करा ना. तिचं काही चुकलं नाही. आठ वर्षं लिहितोय आणि चांगली जमलेली पोस्ट असली तरी तीन-चारशेच्या वर लोक येत नाहीत. पण त्यातल्याच एका पोस्टमुळे घोडबंदर रोडला आमच्या आजूबाजूच्या डझनभर सोसायट्या टँकरचं पाणी मोजायला लागल्या, आणि गंमत म्हणजे मोजणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पोस्ट कधी उघडलेलीच नाही. हे नेमकं कसं होतं, कुठे अडतं, आपण काय केलं की मुद्दा पुढे सरकतो, ते मला जेवढं कळलंय तेवढं इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी ती टँकरची भानगड

आम्ही ठाण्यात मानपाड्याच्या पुढे राहतो. एप्रिल उजाडला की टँकर सुरू, आणि बिलावर प्रत्येक टँकर १०,००० लिटरचा. कमिटीत दर वर्षी कुणीतरी म्हणायचं की पाणी कमी देतात हो, आणि दर वर्षी सेक्रेटरी म्हणायचे की पुरावा काय. एका रविवारी मी टाकीचं झाकण उघडून आत बांबू सोडला, टँकर यायच्या आधी कुठपर्यंत ओला होतो आणि गेल्यावर कुठपर्यंत, दोन्ही खुणा खडूने केल्या. आमची खालची टाकी आतून ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. म्हणजे पाणी १ सेंटीमीटर चढलं की २४० लिटर. १०,००० लिटर खरंच आले तर पाणी जवळजवळ ४२ सेंटीमीटर चढायला पाहिजे, आमच्याकडे चढलं ३३. मी घरी येऊन गणित केलं आणि आनंदाने पोस्ट ठोकली, दोन हजार लिटर गायब!

दोन दिवसांनी खाली एक कॉमेंट आली, कळव्याच्या एका रिटायर्ड इंजिनियर गृहस्थांची, फक्त एवढीच: "पंप बंद होता का?"

नव्हता ना. आमचा पंप ऑटोमॅटिक, टँकर रिकामा होत असतानाच तो मधे सुरू होऊन वरच्या टाकीत पाणी चढवून मोकळा झाला होता. पुढच्या रविवारी पंप बंद, पालिकेच्या लाइनचा कॉकही बंद, आणि परत मोजलं. ३७ सेंटीमीटर. म्हणजे ८,८८० लिटर. कमी होतंच पण दोन हजार नव्हे, अकराशेच्या आसपास. आता या गोष्टीतलं काय उपयोगी पडलं ते एकेक करून बघू.

प्रश्न असा निवडा ज्यावर कुणीतरी आधीच भांडतंय

नवीन ब्लॉगवाले सगळ्यात जास्त इथे चुकतात, मीही चुकलो होतो. माझी पहिली दोन वर्षं "ठाणे बदलतंय" छापाच्या लेखांत गेली. तलावपाळीची संध्याकाळ, राम मारुती रोडची दिवाळी पहाट, जुन्या नौपाड्यातले वाडे. लोक छान छान म्हणायचे आणि तिथेच विषय संपायचा, कारण ते वाचून कुणाला काही करायचंच नव्हतं. लिहू नका असं म्हणत नाही, मी अजूनही लिहितो, पण त्यातून मुद्दा पसरेल अशी आशा धरू नका.

पसरतं ते ज्याची कुणाला तरी गरज पडते. मीटिंगमध्ये, मेव्हण्याशी वादात, वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर. तुमची पोस्ट म्हणजे त्या माणसाच्या हातातला कागद झाला पाहिजे. त्यामुळे विषय शोधायचा तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या सहा महिन्यांत कशावरून जुंपली ते स्क्रोल करून बघा, पार्किंग, लिफ्टचं एएमसी (वर्षाचं देखभालीचं कंत्राट), भटकी कुत्री, पाण्याची वेळ. त्यातला एक घ्या आणि तोही अख्खा नका घेऊ. "ठाण्याचा पाणीप्रश्न" हा विषय तुम्हाआम्हाला झेपणारा नाही, "दहा हजाराच्या टँकरमध्ये पाणी किती" हा झेपतो.

दुसरा एक प्रकार बराच चालतो, तो म्हणजे सगळ्यांना माहीत असायला हवं पण कुणीच सोप्या भाषेत सांगितलेलं नाही अशी माहिती. ठाणे शहराला पाणी एका ठिकाणाहून येत नाही, पालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम म्हणजे शहाड-टेमघरचं पाणीपुरवठा प्राधिकरण आहे, एमआयडीसी आहे आणि थोडं मुंबई महापालिकेकडूनही येतं. म्हणून एकाचं शटडाऊन असलं की कोपरीत पाणी असतं आणि दुसरीकडे नसतं, आणि ग्रुपवर कट-कारस्थानाच्या थिअऱ्या सुरू होतात. हे एकदा नीट लिहिलं, कुठल्या एरियाला कुठलं पाणी, की दर शटडाऊनला लोक तीच लिंक परत उकरून काढतात. माझी ती पोस्ट पाच वर्षं जुनी आहे आणि अजून चालू आहे.

माल स्वतःचा पाहिजे

पेपरात आलेलं वाचून त्यावर मत लिहिणारे हजार आहेत, त्यात तुमचा हजार एकावा नंबर लागणार. बांबू मात्र तुम्हीच टाकीत सोडलेला असतो. स्वतःचा माल म्हणजे काही फार मोठं संशोधन नाही, गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर हा सुद्धा खजिना असतो, त्यात टँकरची वेळ, गाडी नंबर, सही, सगळं असतं आणि ते कुणीही बघत नाही.

सरकारी माहिती पाहिजे असेल तर माहितीचा अधिकार वापरा, २००५ चा कायदा आहे, त्याला वकील लागत नाही. अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, आणि उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. आपल्या राज्याच्या नियमांत एक खोच आहे, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. त्यामुळे "का दिलं नाही", "कधी सुधारणार" असले प्रश्न विचारून शब्द वाया घालवू नका, कागद मागा. "अमुक महिन्यात माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या हद्दीत पाणीपुरवठा बंद ठेवल्याच्या नोंदीची प्रत द्यावी", बस. उत्तर आलं नाही किंवा गोल गोल आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. माझ्या अनुभवात अर्ध्या वेळेला खरं उत्तर अपिलानंतरच आलंय, तेवढा धीर धरा, आणि मिळालेल्या कागदाचा फोटो पोस्टमध्ये टाका, त्याने जो वजनदारपणा येतो तो तुमच्या चार पॅरेग्राफनी येत नाही.

जुन्या गोष्टी शोधायच्या असतील तर स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे जाऊन बसा, फोनवर शोधून जे सापडत नाही ते तिथल्या माणसांना तोंडी विचारलं तर सापडतं.

लिहिताना: उचलता येईल असं एक वाक्य

आता मुख्य भाग. तुमची पोस्ट कुणी पूर्ण फॉरवर्ड करत नाही, त्यातलं एखादं वाक्य, एखादा फोटो उचलला जातो. मग ते कुठलं उचललं जावं हे आपणच ठरवलेलं बरं. मी आता लिहायला बसताना आधी तेच वाक्य लिहितो आणि त्याच्याभोवती बाकीची पोस्ट उभी करतो. टँकरच्या पोस्टमधलं वाक्य होतं: टाकीची लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, त्याला दहाने गुणा, आलेला आकडा म्हणजे १ सेंटीमीटर पाण्याचे लिटर. हे वाक्य कुठल्याही सोसायटीचा खजिनदार कागदाच्या कपट्यावर लिहून खिशात टाकू शकतो, त्याला माझं नाव माहीत असायची गरज नाही.

पण सावध. वाक्य उचललं जातं तेव्हा आजूबाजूच्या अटी मागे राहतात. पंप बंद ठेवा, पालिकेची लाइन बंद करा, हे मी खालच्या तिसऱ्या पॅरेग्राफमध्ये लिहिलं होतं आणि तिथपर्यंत कोण वाचतो. म्हणून अट त्याच वाक्यात कोंबायची, वाक्य थोडं बोजड झालं तरी चालेल. याचा मला पुढे कसा फटका बसला ते शेवटी सांगतो.

सुरुवात सरळ करा. "आजच्या धकाधकीच्या जीवनात पाण्याचे महत्त्व" वगैरे शाळेच्या निबंधात ठीक. पहिल्या दोन ओळींत काय झालं, कुठे, किती, एवढं आलं पाहिजे, कारण रिक्षात बसून वाचणारा माणूस तेवढंच वाचतो. भाषा बोलता तशीच ठेवा. उगाच "जलसंधारण टाकी" लिहिलंत तर शोधणाराही सापडणार नाही, लोक "खालची टाकी" म्हणतात, तेच लिहा.

फोटो एकच पण कामाचा. माझा फोटो म्हणजे ओला बांबू, त्याला लावलेली मेजरिंग टेप आणि खडूच्या दोन खुणा. फ्रेममध्ये माझी चप्पलपण आलीय. तो फोटो मी जितक्या ग्रुपवर परत आलेला बघितला तितकं माझं एकही वाक्य बघितलेलं नाही.

हे सगळं काही नवं नाही म्हणा. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ ते १८५० मध्ये भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात आली, टोपणनावाने, आणि एका पत्रात साधारण एकच विषय, भाषा रोखठोक. शंभर म्हणत म्हणत १०८ झाली. थोडक्यात लिहायचं, नेमाने लिहायचं आणि वाचणाऱ्याला झोंबेल असं लिहायचं, हे आपल्याकडे इंटरनेटच्या दीडशे वर्षं आधी करून झालंय.

थोडं टेक्निकल, पण हे वगळू नका

मी ब्लॉगर या साइटवरच लिहितो, फुकट आहे आणि १९९९ पासून टिकून आहे. तिथे एक मजेशीर अडचण येते. शीर्षक देवनागरीत दिलं की पोस्टच्या पत्त्यात ते येतच नाही, नुसतं "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे काहीतरी आकडा असा बिनचेहऱ्याचा पत्ता तयार होतो. त्यामुळे पब्लिश करायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन कस्टम पर्मालिंक निवडा आणि रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाका, ठाणे टँकर पाणी असं. आधीच करा, कारण लिंक वाटून झाल्यावर पत्ता बदलणं म्हणजे घर बदलून पोस्टमनला न सांगण्यासारखं. आणि जिथे देवनागरी पत्ता चालतो तिथेही टाळाच, व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केला की त्याची टक्क्यांच्या चिन्हांची आगगाडी होते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. माझ्या सख्ख्या काकांनी मला त्यावरून ब्लॉक केलं होतं.

टायपिंग युनिकोडमध्येच. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला तर तो सर्चला गचपण दिसतो. बरेच लोक मराठीतली गोष्टसुद्धा रोमनमध्ये टाइप करून शोधतात, म्हणून त्या रोमन पर्मालिंकचा इथेही फायदा होतो. सर्च डिस्क्रिप्शनचा पर्याय सेटिंगमध्ये ऑन करून दोन ओळी लिहा, आणि लिंक आधी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघा, फोटो आणि शीर्षक दिसतंय का. दिसत नसेल तर कुणी उघडणार नाही. एवढं पुरे, बाकी एसइओचे, म्हणजे सर्चमध्ये वर कसं यायचं त्याचे, कोर्स विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पोचवणारी माणसं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, लिहिण्याइतकाच.

१९४० च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी पॉल लाझर्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका काउंटीत लोक मत कसं ठरवतात याचा अभ्यास केला. अपेक्षा होती की रेडिओ आणि पेपर लोकांची मतं फिरवत असतील. सापडलं उलटंच, प्रचाराने थेट मत बदललेले थोडे, आणि बऱ्याच लोकांवर असर होता तो आजूबाजूच्या माणसांचा. ही आजूबाजूची माणसं मात्र पेपर आणि रेडिओकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष देणारी होती. म्हणजे बातमी आधी त्यांच्याकडे, त्यांच्याकडून बाकीच्यांकडे, अशी दोन टप्प्यांत जाते. आपल्या सोसायटीत हे कोण ते तुम्हाला माहीतच असतं. पहाटे सहाला गुड मॉर्निंग टाकणारे नव्हेत, त्यांचं कुणी वाचत नाही. ज्यांना विचारल्याशिवाय कमिटी प्लंबर बदलत नाही ते.

दुसरी गोष्ट मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाची, १९७३ मधली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. दर सहा जणांत जेमतेम एकच म्हणाला की नेहमी भेटायचा, बाकीच्यांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून लागली होती. कारण सोपं आहे, जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवीन गोष्ट लांबच्या ओळखीतूनच एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात उडी मारते.

मला हे कागदावर वाचून पटलं होतं, प्रत्यक्षात दाखवलं आमच्या प्लंबरने. मी पोस्ट आमच्या ग्रुपवर टाकली, भावाला, मित्रांना, ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, सगळीकडे अंगठे आले आणि थंड. प्लंबर दुसऱ्याच कामासाठी आला होता, त्याने बांबू बघितला आणि विचारलं हे काय. त्याला पाच मिनिटांत सांगितलं. तो घोडबंदर रोडवरच्या ब्रह्मांडपासून कासारवडवलीपर्यंत पंधरा-वीस सोसायट्यांचं काम बघतो, आणि प्रत्येक ठिकाणी टाकीचं झाकण उघडणारा माणूस तोच. महिन्याभरात त्याने पीव्हीसीच्या पाइपवर ऑइलपेंटने खुणा करून ठेवल्या आणि सेक्रेटरींना दाखवायला लागला. ब्लॉग म्हणजे काय हे त्याला आजही धड माहीत नाही.

तेव्हा यादी करा. तुमच्या विषयाचं झाकण रोज कोण उघडतं? शाळेबद्दल लिहिताय तर व्हॅनवाले काका, लिफ्टबद्दल तर मेन्टेनन्सचा मुलगा, फुटपाथबद्दल तर पेपरवाला. त्यांना लिंक नका पाठवू, तोंडी सांगा, फोटो द्या. लोकल पेपरचा एखादा वार्ताहर ओळखीत असेल तर त्यालाही, पण त्याला मतं नकोत, कागद आणि मोबाइल नंबर पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर एकेकाला, नाव घेऊन. "सरजी, तुमच्या मीटिंगला उपयोगी पडेल, तुमच्या टाकीचं माप टाकून बघा." सरसकट ढकललेल्या मेसेजला तसंही आता फार हवा मिळत नाही, २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा आली, आणि २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यावर ते दोन बाण दिसले की शहाणा माणूस वाचतही नाही.

मोठ्या ब्लॉगवाल्यांशी स्पर्धा करायच्या भानगडीत पडू नका. इंटरनेटवर लिहिणाऱ्या क्ले शर्की या अमेरिकन लेखकाने २००३ मध्ये ४३३ ब्लॉगांचा हिशोब मांडून दाखवलं होतं की बाहेरून येणाऱ्या सगळ्या लिंकांपैकी निम्म्या पहिल्या ५० ब्लॉगांकडेच जातात, आणि यात कुणाची लबाडी नव्हती. ज्याच्याकडे लोक आधीच जातात त्याच्याकडेच नवीन माणूसही जातो. तेव्हा ही परिस्थिती तर आता काय बोलायचं. आपलं मैदान मानपाडा ते कासारवडवली, तिथे पहिल्या ५० त सहज येतो.

नाही म्हणायला कधी कधी छोट्या जागेवरून मोठं कामही उभं राहतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉगर मंडळींनी एक साधा फुकटातला ब्लॉग उघडला, हेल्पलाइन, बेपत्ता माणसं, मदत कुठे द्यायची एवढंच त्यावर टाकत गेले, आणि बघता बघता जगभरातले लोक त्यात लिहायला आले. तिथे कुणी आपलं नाव मोठं करायला बसलं नव्हतं, माहितीची गरज होती आणि ती एका जागी मिळत होती.

चूक झाली की

माझी ३३ सेंटीमीटरची चूक मी खोडून टाकली नाही. वर ठळक लिहिलं: पंप चालू राहिल्याने पहिला आकडा चुकला, नवीन मोजमाप ३७, एका वाचकाने लक्षात आणून दिलं, त्यांचे आभार. जुना आकडा मधे रेघ मारून तसाच ठेवला. खरं सांगतो, पब्लिशचं बटण दाबताना कानशिलं गरम झाली होती. पण पुढे टँकरवाल्याचा माणूस कमिटीसमोर आला आणि म्हणाला, हे मोजताना पंप चालू असणार तुमचा, तेव्हा खजिनदारांनी फोन काढून तीच ओळ दाखवली. त्या दिवशी दर टँकरला ठराविक रक्कम कापायचं ठरलं.

कॉमेंटला उत्तर द्या, उशिरा का होईना. शिव्या देणाऱ्याला नको, शंका काढणाऱ्याला नक्की. पोस्टपेक्षा कधी कधी खालच्या चर्चेत जास्त माल असतो, तो उचलून वर पोस्टमध्ये घ्या.

नाव घ्यायचं का?

शक्यतो नको. मी टँकर सप्लायरचं नाव लिहिलं नाही आणि अजूनही कुणाला सांगत नाही. बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हासुद्धा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, आधी भादंविचं ४९९-५००. आणि "पण हे खरं आहे" एवढं म्हणून सुटका होत नाही, खरं असून ते लोकांच्या हितासाठी सांगितलेलं असावं लागतं. तुम्ही काय मोजलं, कधी, कसं, एवढंच लिहा. "चोर" हा शब्द लिहिण्याची सुरसुरी येते, दाबा, वाचणारा तो शब्द मनात म्हणतोच.

आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना पालघरमध्ये अटक झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातून सुप्रीम कोर्टात जे प्रकरण उभं राहिलं त्यात २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं ६६ए कलम, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षा देणारं, रद्द झालं. कलम गेलं, पोस्टमुळे होणारा ताप गेला असं समजू नका. तक्रार येऊ शकेल अशी पोस्ट रात्री लिहा, सकाळी परत वाचा, मग टाका.

आपला पत्ता आपलाच ठेवा

हे थोडक्यात. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली, लोकांनी तिथे लिहिलेलं बरंच काही त्याबरोबर गेलं. सगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय असलेला गूगल रीडर २०१३ मध्ये गेला तेव्हा माझ्यासारख्यांची वाचायची सवयच मोडली. जुलै २००६ मध्ये सरकारने मोजक्या साइट बंद करायला सांगितल्या तर काही इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगरवरचे सगळे ब्लॉग जिथे असतात ते अख्खं ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं होतं. म्हणून फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप चॅनल कुठेही वाटा पण मूळ लेख एका जागी ठेवा, दर दोन महिन्यांनी बॅकअप डाउनलोड करा, जमलं तर स्वतःचं डोमेन घ्या. आणि महिन्यातून दोनदा तरी लिहा, ठाणे-वाशी लोकलमध्ये सीट मिळाली तर तेवढ्यात कच्चा ड्राफ्ट होतो, मी तसंच करतो.

असर झाला हे कळणार कसं

व्ह्यूज बघून नाही. मी एक वही ठेवलीय, त्यात आपला मुद्दा कुठे परत भेटला ते लिहितो. दुसऱ्या सोसायटीच्या नोटिशीत आपलं वाक्य दिसलं, रिक्षावाल्याने आपल्यालाच ते ऐकवलं, कुणी अनोळखी माणसाने माप पाठवून विचारलं बरोबर आहे का. जवळजवळ प्रत्येक नोंदीत माझं नाव गळालेलं आहे. पहिल्या वेळी वाईट वाटलं, आता मी त्यावरूनच मोजतो, नाव गळालं म्हणजे निदान तीन हातांतून गेलंय.

त्या वहीतली शेवटची नोंद खारघरची आहे. मावसभावाकडे गेलो होतो, गेटवर सेक्रेटरी आणि टँकरवाला यांची चांगलीच जुंपलेली. वॉचमनच्या केबिनमध्ये कागद लावलेला, वर माझा बांबूचा फोटो, माझ्या चपलेसकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत: १ सेंमी = २४० लिटर. सेक्रेटरी ओरडत होते की पाणी २५ सेंटीमीटरच चढतं, म्हणजे सहा हजार लिटर, तू आम्हाला रोज चार हजाराला लुटतोस. मी हळूच मावसभावाला विचारलं, तुमची टाकी केवढी? आठ बाय पाच. म्हणजे त्यांच्याकडे १ सेंटीमीटरला ४०० लिटर आणि २५ सेंटीमीटरला बरोब्बर दहा हजार. तो बिचारा पूर्ण पाणी देत होता! मी पुढे होऊन सांगायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, साहेब हे ठाण्याच्या एका एक्स्पर्टने काढलेलं आहे, तुम्ही यात पडू नका.

रात्री घरी येऊन पोस्टमधून २४० हा आकडाच काढून टाकला, तिथे आता दोन रिकाम्या चौकटी आहेत, लांबी आणि रुंदी. खारघरच्या केबिनमधला कागद मात्र तसाच आहे. मावसभावाला दोनदा फोन केला, तो म्हणतो, लॅमिनेट केलाय रे त्यांनी.